रंग गेला, म्हणजे काय झालं?

शांबू दचकून उठून बसली, आणि घरात तर काहीच वाजलं नव्हतं.

“आई, आवाज कुठं गेला?”

मी गॅसपाशी शेंगा भाजत होते. कोणता आवाज, असं विचारणार तोच कळलं. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे चनमल्लप्पा अण्णांचं डाईंग आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांचं टॉवेल-चादरींचं सूत तिथे रंगतं. रंगवून उरलेलं पाणी नाल्यात सोडण्याआधी एका मोठ्या उघड्या टाकीत घेतात आणि ब्लोअरने तळातून हवा सोडत राहतात. त्या ब्लोअरची घरघर रात्रंदिवस. शांबू दवाखान्यातून घरी आली ती त्या घरघरीतच. माहेरी सांगोल्याला नेली की ही झोपायची नाही. माझी आई शेवटी रिकामा मिक्सर फिरवायची, तेव्हा कुठे हिचा डोळा लागायचा. आज ती घरघर थांबली होती.

“लाईट गेली आसंल,” अत्ती म्हणाल्या. सासूबाईंना आम्ही कानडी पद्धतीने अत्तीच म्हणतो. त्या अक्कलकोटच्याही पलीकडच्या. रागावल्या की मराठी सुटतं.

“पंखा फिरतोय की अत्ती.”

“मग बिघडलं आसंल. तुला काय त्याचं? शेंगा करपल्या बघ.”

शेंगा करपल्याच होत्या.

शांबू झाल्यापासून मला सगळंच ऐकू यायला लागलं आहे. तिचा श्वास, शेजारचा खोकला, टँकरच्या पाइपातून ठिबकणारं पाणी. माझा नवरा अनिलकुमार टेंभुर्णीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतो आणि शनिवारी येतो. तो म्हणतो, “आपल्या घराला सीसीटीव्ही लावायची गरज नाही, ऋतुजा आहे.” हसून म्हणतो, पण म्हणतो.

ब्लोअर संध्याकाळीही सुरू झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा वेळ वाजला आणि पुन्हा गप्प. शांबू दुपारची झोपेनाशी झाली, आणि चार-पाच दिवसांत नाला बदलला.

आमच्या कॉलनीला नाल्याकडे बघून कळायचं, आत कसली ऑर्डर चालू आहे. लाल पाणी आलं की चादरी, निळं आलं की हॉटेलांचे टॉवेल. समोरची चंद्रव्वा पुलावर उभी राहून सांगायची, “आज नाला मोरपंखी हाय, लगीनसराईचा माल निघाला बघा.” आम्ही हसायचो, पण त्या पाण्याला कुणी बोट लावत नसे. ते पाणी आधी फिकं झालं, मग पिवळसर, आणि एका सकाळी तळाचे दगड दिसायला लागले. बायका पुलावर जमल्या. कुणी तरी हात जोडले.

“आता गं बाई,” चंद्रव्वा म्हणाली, “आपल्या नाल्याला बी तळ हाय की!”

सगळ्या हसत होत्या. मी मात्र तिथून थेट घरामागच्या भिंतीपाशी गेले.

टाकीवर मायाप्पा असतो. सांगोल्याकडचाच, धनगर. मेंढरं विकून शहरात आला तो टाकीवर राखण करायला लागला. मी माहेरची म्हणून तो माझ्याशी भिंतीवरून बोलतो. मी विचारलं, “मायाप्पा, ब्लोअर बिघडलाय का?”

“न्हाय बाई. बंद ठिवलाय. सकाळच्याला घटकाभर चालू करायचा, कुनी बगायला आलं तर. बाकी बंद.”

“मग टाकीत हवा कुठून जाणार?”

“हवा लागतीय कशाला? पानी बगा की, काचंवानी झालंय! आमी येड्यावानी इतकी वर्सं ढवळत बसलो. कुनी तरी लई शिकल्यालं मानूस आल्तं म्हनं, त्येनं शेटला सांगितलं. आता शेट ते पानी पाइपानं तुमच्या अंगनवाडीला देनार हायती. पोरांच्या बागंला, हात धुवायला. गंगापूजन घालनार हायती मंगळवारी.”

अंगणवाडीत शांबू नुकतीच जायला लागली होती. तिथल्या पूनमताईंनी अंगणात परसबागेचे वाफे केले होते: मेथी, पालक, शेवगा. त्याचीच भाजी पोरांच्या खिचडीत पडणार होती.

मी घरात आले आणि औषधाची एक रिकामी बाटली उकळून वाळवली.

*

धनलक्ष्मी मॅडमनी आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षी एक टेस्टट्यूब दाखवली होती. आत बॅक्टेरिया वाढवलेलं पाणी आणि त्यात निळा रंग. मॅडमनी बूच लावून ती रॅकमध्ये ठेवली आणि हजेरी घेतली. हजेरी संपेपर्यंत निळा रंग नाहीसा.

“रंग गेला, म्हणजे काय झालं?”

“मॅडम, पाणी स्वच्छ झालं,” मीच म्हणाले होते.

“सोलापूरची पोरगी शोभतेस. रंगावर जातेस.” वर्ग हसला. मॅडमनी बूच काढलं, ट्यूब जोरात हलवली, आणि निळा रंग परत आला. “स्वच्छ-बिच्छ काही नाही. हवा संपली होती. आतल्या जीवांनी ऑक्सिजन संपवला, मग त्यांनी दुसरी सोय बघितली. रंग कुठेही गेलेला नाही, फक्त दिसेनासा झालाय. दिसेनासं होणं आणि नाहीसं होणं यातला फरक ज्याला कळला, त्यालाच मी पास करीन.”

मग त्यांनी फळ्यावर ते पहारेकरी प्रथिन काढलं. बॅक्टेरियाच्या पेशीत ते असतं. ऑक्सिजन आहे तोवर त्याचे तुकडे सुटे-सुटे हिंडतात, काही करत नाहीत. ऑक्सिजन संपला की ते दोन-दोनच्या जोडीने डीएनएवर जाऊन बसतात, आणि इतके दिवस मिटलेली जनुकं उघडतात. जीव तोच, फक्त वेगळी हत्यारं बाहेर काढतो. “त्याला बदलायला बाहेरून कुणी यावं लागत नाही,” मॅडम म्हणाल्या होत्या. “सगळं आधीपासून आत असतं.”

मॅडम तेव्हाही तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याच तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर वर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची नव्हती. त्या प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून डबा खायच्या. खडू स्वतःचा आणायच्या, कारण खडूसाठी शिपायाला दोनदा हाक मारावी लागायची आणि कायमच्या मॅडमना एकदाच. त्यांचे वडील शहराच्या पूर्व भागात माग चालवायचे. घरात शिकलेल्या त्या पहिल्या आणि बिनलग्नाच्या राहिलेल्या एकट्या. “पुढच्या वर्षी कायम होईल,” असं त्या दर वर्षी म्हणायच्या, आणि आम्ही दर वर्षी पेढ्यांची वाट बघायचो.

एम.एस्सी.ला माझा प्रोजेक्ट त्यांच्याकडेच होता. आम्ही दोघींनी याच नाल्याचा गाळ बरण्यांत भरून नेला होता. बरण्यांत लाल रंग घातला, झाकणं घट्ट लावली, आणि काही दिवसांत लाल रंग गेला. हवा बंद झाल्यावर गाळातल्या बॅक्टेरियांनी रंगाचा रेणू मधोमध तोडला होता. मी आनंदाने टाळी वाजवली. मॅडम म्हणाल्या, “थांब. तोडून जे दोन तुकडे उरले, ते बिनरंगी आहेत म्हणून बिनविषारी नाहीत. उलट काही तुकडे रंगापेक्षा वाईट, शरीरात जाऊन बसतात. त्यांना मोडायला परत हवा द्यावी लागते, आणि भरपूर वेळ. आधी कोंडायचं, मग श्वास द्यायचा. अर्धंच केलं तर पाप आहे.”

दुसरा अर्धा भाग माझ्याकडून झाला नाही. शांबू पोटात होती, उलट्या होत होत्या, अत्ती म्हणाल्या घाणीत हात घालू नको. मी कॉलेज सोडलं. मॅडम बारशाला आल्या, चांदीचा वाळा घेऊन. मला ठाऊक होतं, तो त्यांच्या कितीतरी तासांचा होता.

म्हणून मी त्यांनाच फोन केला. दुसरं कुणाला करणार?

*

मॅडम रविवारी आल्या. स्कूटी तीच, पर्स नवी होती. अत्तींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. शांबू त्यांच्या मांडीवर जाऊन बसली, जशी कुणाच्याच बसत नाही.

मी खिडकीतली बाटली आणली. नाल्याचं पाणी भरून उघडीच ठेवली होती, जाळीचं कापड बांधून. भरलं तेव्हा डोळ्यासमोर धरलं तर पलीकडचं दिसायचं. आता कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली होती.

मॅडमनी ती उजेडात धरून दोनदा फिरवली.

“बघा ना मॅडम, हवा लागल्यावर परत रंग धरला. म्हणजे ते तुकडे आत तसेच आहेत. आपल्या बरण्यांसारखं. अण्णांनी ब्लोअर बंद केलाय आणि पुढचं काही केलंच नाही. हेच पाणी अंगणवाडीला देणार आहेत.”

“कुणाला दाखवलीस ही?”

“कुणाला नाही. तुम्हालाच.”

“अनिलकुमारना?”

“ते म्हणाले, तुला नाला रंगीत असला तरी त्रास, नसला तरी त्रास.”

मॅडम हसल्या. मग बाटलीला बूच लावून पर्समध्ये ठेवली. “ही मी नेते. नीट तपासून घेते. मंगळवारी मला पाहुणी म्हणून बोलावलंय, मीच सांगते सगळ्यांसमोर. तू काही बोलू नकोस. तुझं सासर आहे, तुला इथे राहायचंय.”

“तुम्हाला बोलावलंय? अण्णांनी?”

“कॉलेजातून कुणीतरी हवं होतं त्यांना.” त्या शांबूच्या केसांवरून हात फिरवत होत्या. “हिच्यासाठी तरी सांगावंच लागेल ना गं.”

मला इतकं हलकं वाटलं की त्या गेल्यावर मी भिंतीला टेकून बसले. शंका घ्यायला मी कुणाला सोडत नाही: दूधवाला, लसीचा फ्रीज, घसरगुंडीचा खिळा. मायाप्पाने सांगितलेलं ते ‘लई शिकल्यालं मानूस’ माझ्या डोक्यात दोन दिवस फिरत होतं. त्या बरण्या जगात दोघींनाच माहीत होत्या. तरी ती दोन टोकं मी जुळवली नाहीत. जुळवायचीच नव्हती, असंही असेल.

*

मंगळवारी अंगणवाडीला मांडव घातला होता. भिंतीतून आलेल्या नव्या नळाला झेंडूची माळ होती, खाली रांगोळी. नवं पाणी आलं की आमच्याकडे गंगापूजन करतात. पाण्याला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, खण-तांदळाने ओटी भरायची, आणि पहिलं पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांच्या तळहातावर द्यायचं. ओटी भरायला लेकुरवाळी बाई लागते.

“ऋतुजालाच बोलवा,” चंद्रव्वा ओरडली. “सगळ्यात जास्त काळजी तिलाच हाय नाल्याची!”

मी हिरवा खण नळाला बांधला. गाठ दोनदा सुटली. अत्ती शांबूला कडेवर घेऊन मागे उभ्या होत्या. मी मॅडमकडे बघत होते. त्या पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मोरपंखी साडी, खांद्यावर अण्णांनी घातलेली शाल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच पदर सारखा केला.

चनमल्लप्पा अण्णा बोलायला उभे राहिले. माणूस मोठ्या आवाजाचा आणि सरळ. पाण्यावरून त्याच्या डाईंगला कितीदा नोटिसा आल्या ते त्याने स्वतःच सांगितलं.

“लई इंजिनियर आले बघा माझ्याकडं. कुनी म्हनतंय हे मशीन घ्या, कुनी म्हनतंय ते घ्या. ह्या मॅडम आल्या, टाकीपाशी उभ्या ऱ्हायल्या, आणि एकच सांगितलं: ब्लोअर बंद करा. बास! खर्च वाढायचा सोडून उलटा कमी झाला. अशी विद्या आपल्या सोलापुरात हाय, आणि कॉलेजवाले त्यांना तासावर राबवत्यात. मी नाही राबवनार. आजपासनं धनलक्ष्मी मॅडम आपल्या कंपनीच्या कायमच्या सल्लागार. केबिन, खुर्ची, दारावर नावाची पाटी. वाजवा टाळ्या!”

टाळ्या वाजल्या. ‘कायमच्या’ म्हटल्यावर मॅडमचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. इतकी वर्षं आम्ही पोरी ज्याची वाट बघत होतो तोच चेहरा. एखाद्या दुसऱ्या दिवशी मी तो बघून रडले असते.

मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आता. आता सांगतील. शाल घेतली म्हणून काय झालं, आता सांगतील. त्या म्हणाल्या, निसर्गाचे छोटे जीव आपल्यासाठी राबतात. त्या म्हणाल्या, विज्ञान आणि उद्योग यांनी हातात हात घालायला हवा. मुलांची बाग हिरवीगार होवो, म्हणाल्या. आणि बसल्या.

पूनमताईंनी नळ सोडला. तांब्यात पाणी पडायचा आवाज आला. माझ्या तोंडून निघून गेलं, “मॅडम, बाटली आणली का?”

अण्णांनी विचारलं, “कसली बाटली?”

“मी दिली होती मॅडमना, याच पाण्याची. उघडी ठेवल्यावर ती तपकिरी झाली. ब्लोअर बंद करून फक्त रंग जातो अण्णा, आतलं जात नाही. मॅडमनीच मला शिकवलंय. सांगा ना मॅडम.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर वर्गातलं हसू आणलं, चुकीचं उत्तर देणाऱ्या पोरीसाठी असायचं ते.

“ही माझी विद्यार्थिनी बरं का,” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “हुशार होती. पण एम.एस्सी. पूर्ण झालं नाही, मध्येच बाळंतपण आलं. अर्धवट माहिती असली की भीती जास्त वाटते, आणि त्यात आईचं काळीज. ऋतुजा, बाटली उघडी ठेवली की धूळ पडते, शेवाळ धरतं. पाण्यात काही नव्हतं गं. तुझी बाटली स्वच्छ नव्हती.”

आधी चंद्रव्वा हसली, मग सगळ्या. “अहो, हिला डाईंगचा आवाज थांबला तरी घाबरायला हुतंय! तिची पोरगी बी तशीच झालीया.”

अण्णा हसले नाहीत. त्यांनी मॅडमकडे बघितलं. “मॅडम, म्हनजे पानी चांगलं हाय ना? पोरांचा मामला हाय, मी स्पष्ट विचारतो.”

“चांगलं आहे.”

“झालं तर.” त्यांनी तांब्या पूनमताईंकडे दिला. “पहिलं तीर्थ मॅडमना.”

मी फक्त मॅडमचा हात बघत होते. त्यांनी उजव्या तळहाताचा खळगा केला, डावा हात खाली धरला. पूनमताईंनी पळीभर पाणी घातलं. मॅडमनी डोळे मिटले, हात उचलला, ओठांपर्यंत नेला असं वाटलं, पण ओठ घट्ट मिटलेले होते. पाणी डोळ्यांना लावलं आणि ओला हात केसांवरून मागे फिरवला. तीर्थ घेतल्यावर सगळेच तसं करतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण आधी पितात. त्या प्यायल्या नाहीत.

तोवर मला वाटत होतं, कदाचित त्या विसरल्या असतील. इतकी वर्षं तेच ते शिकवून दुसरा अर्धा भाग पुसट झाला असेल, किंवा बाटलीत खरंच शेवाळ धरलं असेल आणि मीच वेडी असेन. ते मिटलेले ओठ बघितले आणि कळलं, त्यांना सगळं पाठ होतं.

पळी पुढे सरकत आली. बायका सुर्रकन प्यायल्या, डोळ्यांना हात लावला. मग पूनमताई अत्तींसमोर आल्या. “शांबू, हात पुढं कर बघू बाळा.”

शांबूने हात पुढे केला. मी धावले, पण मध्ये माणसं होती. पळी वाकली, तेवढ्यात अत्तींनी शांबूची मूठ आपल्या मुठीत घेतली आणि मिटवली.

“ब्याड,” त्या कानडीत म्हणाल्या, नको. मग मराठीत, “सर्दी हाय पोरीला. कफ हुतो गार पान्यानं.”

“थेंबभर तीर्थाला काय हुतंय निंगव्वा?” चंद्रव्वा अत्तींना म्हणाली.

“तुझ्या पोराला हुईत नसंल. माझ्या नातीला हुतं.”

शांबूला सर्दी नव्हती. अत्तींनी माझ्याकडे बघितलंही नाही.

*

जेवणावळीच्या गडबडीत मॅडम मला अंगणवाडीच्या मागे सापडल्या. पिण्याच्या पाण्याच्या जारमधून हातावर पाणी घेत होत्या. तोंड धुतलं, कपाळ, केसांचा भांग. मी येताना बघून थांबल्या.

“काय बघितलंस?” त्यांनी विचारलं.

“तुमचा हात.”

त्यांनी पदराने चेहरा टिपला. “ऐक. मी अण्णांना दोन्ही भाग सांगितले होते. आधी कोंडा, मग हवा द्या, दुसरी टाकी बांधा. त्यांनी एवढंच ऐकलं की ब्लोअर बंद. आणि पाणी नितळ झाल्यावर ते इतके खूश होते, ऋतुजा. मला घरी गाडी पाठवली. वाटलं, थोड्या दिवसांनी सांगू. आत गेल्यावर, खुर्चीवर बसल्यावर सांगता येतं. बाहेरून कोण ऐकतं? पुढच्या महिन्यात मी ब्लोअर चालू करायला लावते.”

“आणि तोवर?”

त्यांनी वाफ्यांकडे बघितलं. मेथी दोन पानांवर आली होती.

“बाटली कुठंय माझी?”

त्यांनी जारचं झाकण लावलं.

“तुम्ही मला सगळ्यांसमोर अर्धवट म्हणालात.”

“तुला काय वाटतं, मला बरं वाटलं?” त्यांचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. “कितीदा मुलाखत दिली मी त्याच टेबलासमोर. मी शिकवलेली पोरं मला मुलाखतीला बसवतात आता. स्टूल माहीत आहे ना तुला माझं? श्वास कोंडला की जीव काय करतो, मीच शिकवलंय ना तुला? आतलं सगळं उघडतं. नको ते उघडतं.”

“बॅक्टेरियाला निवड नसते मॅडम.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं परीक्षेत पेपर परत घेताना बघायच्या, काही लिहायचं राहिलं असलं तर. पण मांडवातून अण्णांनी हाक मारली, “मॅडम, फोटो राहिला!” आणि त्या शाल सावरत निघाल्या. दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाल्या, “शांबूला ती भाजी देऊ नकोस.” अगदी हळू, जसं फक्त घरच्या माणसाला सांगतात.

मी तिथेच उभी होते. मांडवात वीसेक पोरं पंगतीला बसली होती.

मी पूनमताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मॅडम चांगलं आहे म्हणाल्या ना, सगळ्यांसमोर? मग मी कुणाचं ऐकू? उद्या वरून विचारलं तर नाव कुणाचं सांगू?” त्यांचंही चुकत नव्हतं. चंद्रव्वाला सांगायला गेले तर तिने नव्या नळाखाली पोराचे हात धुवायला घेतले होते आणि माझ्याकडे बघून मुद्दाम साबण जास्त घातला. अनिलकुमारला फोन केला. तो ऐकून घेत राहिला आणि म्हणाला, “शनिवारी येतो, मग बघू. तोवर तू तिथे काही बोलू नकोस.” तेच वाक्य. मला ते आता पाठ झालं होतं.

आम्ही जेवलो नाही. अत्ती पुढे चालत होत्या, मी मागे, शांबू माझं बोट धरून. नाल्याच्या पुलावर आल्यावर अत्ती न वळता म्हणाल्या, “तुझ्या मॅडमनं पानी पिलं न्हाई. मी बी बघितलं.”

त्या तशाच पुढे चालत राहिल्या.

शांबूने बोट सोडलं आणि पुलाच्या कडेला उकिडवी बसली. खाली पाणी इतकं नितळ होतं की त्यात तार दिसत होती, ढग दिसत होता. रंगीत पाण्याला हात लावायचा नाही, एवढं मी तिला बोलता यायच्या आधीपासून शिकवलेलं.

“आई, रंग नाहीये.”

“हो.”

“मग हात लावू?”

“नाही.”

“का?”

ती वाट बघून कंटाळली, पुन्हा खाली वाकली, आणि एकदम हसली. “आई, बघ! तिथं मी आहे!”

मी तिला उचललं. ती माझ्या खांद्यावरून मागे, पाण्यातल्या त्या मुलीला हात हलवत राहिली.